मुकी गाठ आणि पाचवी बहीण

या. पाय आत घ्या, पांघरुणाची ओढाओढ नको. आज मला जरा रागच आलेला आहे, तेव्हा गोष्टही रागाची आहे. पण शेवट गोड आहे, घाबरू नका.

एकदा काय झालं, एका नगरात एक तंबोरा होता. साधासुधा नव्हे, राजतंबोरा. त्याचा भोपळा एवढा मोठा, की आत मांजर व्याली असती तर कुणाला कळलं नसतं. त्याला तारा किती? चार. या चार बहिणी, बरं का. पहिलीचा सूर पंचम. मधल्या दोघी जुळ्या, दोघींचा सूर एकच, त्याला म्हणतात सा. चौथी पितळेची, जाडजूड, खालच्या आवाजात बोलणारी, ती थोरली.

चौघी एकमतानं बोलल्या की काय होतं, ठाऊक आहे? पाचवी येते. तिला तार नाही, खुंटी नाही, कुणी तिला लावत नाही. तरी ती येते आणि चौघींच्या वर बसून गाते. खोटं नाही सांगत. चौघींचं जमलं नाही, तर मात्र येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी त्या नगरात आदिबुवा नावाचे गवई होते. त्यांनी एकदा तंबोरा असा लावला की पाचवी आली, आणि भर दरबारात गायली. तेव्हाचा राजा डोळे पुसत उठला. म्हणाला, "झालं! यापुढे या खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही. आदिबुवांनी लावलंय, ते तसंच राहील." मग त्यानं चारही खुंट्यांवर लाख वितळवून ओतली आणि वर शिक्का मारला.

आता मला सांगा, तंबोरा म्हणजे काय मैलाचा दगड आहे, एकदा रोवला की संपलं? अरे, पावसात लाकूड फुगतं, उन्हात सुकतं, तार ढिली पडते. सकाळी लावलेला तंबोरा दुपारी उतरतो. रोज लावावा लागतो, दिवसातून चारदा लावावा लागतो! लाख ओतायच्या आधी आदिबुवाही रोज लावायचे. पण ते वारले, आणि लोकांनी त्यांचे कान जपले नाहीत, ती लाख जपली. तंबोऱ्याला रोज हळदकुंकू वाहायचं, गंध लावायचं, तुपाचा दिवा दाखवायचा. फक्त लावायचा नाही.

मग चौघी बहिणी हळूहळू भांडायला लागल्या. जुळ्यांचंही पटेना. पाचवी तर केव्हाच निघून गेली. तारा दरसाल थोड्या उतरत, आणि त्यांच्याबरोबर राजगवईही उतरत. होता होता ते इतके खाली गेले, की दरबारात गाणं सुरू झालं की राजाच्या गोठ्यातल्या म्हशी उत्तर द्यायच्या. राजगवई मार्तंडबुवा म्हणायचे, "याला गांभीर्य म्हणतात."

इथवर हसायला हरकत नाही. पुढचं हसण्यासारखं नाही.

त्या नगरात दर वसंत पंचमीला कानपारख असायची. ज्यांना सात वर्षं पुरी झाली, त्या मुलांना दरबारात उभं करायचं. राजतंबोरा छेडायचा आणि मुलानं त्याच्याबरोबर सा लावायचा. जुळला तर मुलगा सुरेल. नाही जुळला तर बेसूर. आणि बेसूर ठरला, की बुवा त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधत. त्या दोऱ्याच्या गाठीला म्हणत मुकी गाठ. ती गळ्यात आली की जन्मभर गायचं नाही. जात्यावर ओवी नाही, शेतात गाणं नाही, देवळात आरती नाही. बाळ रडलं तर अंगाईसुद्धा नाही. नुसतं थोपटायचं.

आणि बेसूर कोण ठरायचं? ज्यांचे कान चांगले, ती मुलं! उतरलेल्या तंबोऱ्याशी त्यांचा सूर जुळणार कसा? जुळायचा कुणाचा? राजगवयांच्या मुलांचा. त्यांचे पाळणेच त्या तंबोऱ्याखाली टांगलेले. पहिल्या दिवसापासून तेच वाकडं कानावर पडलेलं, मग तेच सरळ वाटणार. आणि वर बुवांची ऐट काय? "सुराचा कान रक्तात असतो. तो शिकून येत नाही."

शिकून येत नाही म्हणे! अहो, तुमच्या पोरांना तो पाळण्यात शिकवलात, तो उलटा शिकवलात, आणि म्हणे रक्तात असतो!

असो. मी ओरडत नाही. तू झोपू नकोस इतक्यात, आत्ता धुरपी येते आहे.

त्या नगरात एक कुंभारीण होती. तिच्या गळ्यात काळा दोरा होता. तिची मुलगी धुरपी. धुरपीला काही माहीत नव्हतं, पण मडकं मात्र माहीत होतं. भट्टीतून मडकी निघाली, की आई प्रत्येकावर बोटाचं पेर वाजवायची. टण्ण आवाज आला की डावीकडं. भद्द आवाज आला की उजवीकडं, ते चिरलेलं. डोळ्यांना चीर दिसत नाही, कानाला दिसते. धुरपी पाच वर्षांची असल्यापासून हे काम करायची.

मग धुरपीला सात वर्षं झाली आणि ती कानपारखीला उभी राहिली. बुवांनी तंबोरा छेडला. धुरपीनं मान वाकडी केली. पुन्हा ऐकलं. आणि अगदी सरळ मनानं, मदत करावी म्हणून सांगितलं, "बुवा, हे चिरलंय. उजवीकडं ठेवा."

बुवांनी तंबोरा खाली ठेवला.

"कुणाची गं तू?" बुवांनी विचारलं.

"कुंभाराची."

"असं होय! आता कुंभाराची पोर सूर सांगणार, आणि राजगवयांनी काय चिखल तुडवायचा?"

"तुडवा की," धुरपी म्हणाली. "आमच्याकडं माणूस कमीच आहे."

मग काय, बुवांनी तिला सा लावूच दिला नाही. दोरा बांधला, आणि इतरांना एक गाठ तर हिला दोन.

धुरपी घरी आली आणि तिनं हाताला येईल ते मडकं आपटलं. चांगली सात मडकी फोडली. आईनं अडवलं नाही. आठवं उचललं, तेव्हा आई म्हणाली, "ते राहू दे, त्याचं गिऱ्हाईक यायचंय."

"आई, ते चिरलेलंच होतं!"

"होतं."

"तुलाही ऐकू आलं होतं?"

"तुझ्याएवढी होते तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं फुटकी खापरं गोळा करायला घेतली. मग म्हणाली, "काय बोलणार? चिरलंय एवढंच कळत होतं. कुठं चिरलंय, ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. ज्याला बोट ठेवता येत नाही, त्याचं कोण ऐकतं? तू ते शीक."

पाहा, आईनं गप्प राहा नाही म्हटलं. शीक म्हटलं.

मग धुरपी शिकायला लागली. पहिलं वर्ष आईजवळच. आईनं तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि पुढ्यात मडकी मांडली. कुठलं कच्चं, कुठलं भाजलेलं, कुठल्यात किती पाणी, ते कानानं सांगायचं. चुकलं की पुन्हा. मग पाणी कमीजास्त करून मडकी चढत्या सुरांत लावायची. पहिल्या दिवशी धुरपी वीसदा चुकली. वर्षाच्या शेवटी आईनं मडक्यात चूळभर पाणी जास्त घातलं, तरी धुरपी म्हणायची, "आई, लबाडी केलीस."

दुसरं वर्ष धनगराकडं, माळावर. त्याच्या चाळीस मेंढ्या, प्रत्येकीच्या गळ्यात घंटा. चाळीस घंटा एकदम वाजायच्या. धनगरबाबा पाठ करून बसायचा आणि विचारायचा, "पोरी, लंगडी मेंढी कुठाय?" त्या गोंगाटातून एक घंटा उचलायची आणि बोट दाखवायचं. पहिले तीन महिने धुरपीनं दाखवलं तिथं मेंढीच नसायची, बाभळ असायची. धनगरबाबा म्हणायचा, "बाभळीला सांग, घरी चल म्हणावं." पण मग एक दिवस चाळीस घंटांतली एक तिला अशी वेगळी ऐकू आली, जशी गर्दीत आपली आई दिसते.

तिसरं वर्ष फार लांब, नदीपलीकडच्या गावात, गफूरचाचांकडं. हे शिकलगार. आधी तलवारींना धार लावायचे. मग लढाया थांबल्या, तेव्हा ते तंबोरे करायला लागले. चाचा म्हणाले, "बेटी, कान तयार आहे तुझा. आता हिशोब शीक." मग त्यांनी एक तार ताणली. पुरी तार वाजली तर सा. बरोबर मध्ये बोट धरलं, तर तोच सा, पण वरचा. तिचे तीन भाग केले आणि दोन भाग वाजवले, तर पंचम. धुरपीनं शंभरदा मोजून पाहिलं. दरवेळी तेच. राजाची तार असो नाहीतर भिकाऱ्याची, भाग तेच आणि सूर तोच. धुरपीला इतका आनंद झाला, की ती अंगणभर नाचली. सूर कुणाच्या रक्तात नव्हता. तो तारेत होता, आणि तार सगळ्यांची होती.

मग चाचांनी जुळ्या तारा शिकवल्या. दोघी जवळजवळ जुळल्या, पण पुऱ्या नाहीत, तर आवाजात लाट येते. वँव, वँव, वँव. जितक्या जवळ याव्यात, तितकी लाट संथ. वँऽव. वँऽऽव. आणि पुऱ्या जुळल्या, की लाट निजते. अगदी तुमच्यासारखी. नाही, तुमच्यासारखी नाही, तुम्ही अजून वळवळताय.

शेवटी चाचांनी घोडी दाखवली. घोडी म्हणजे भोपळ्यावरची ती हाडाची पट्टी, जिच्यावरून तारा जातात. तिच्यावर प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, एवढासा. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, बोलते. धुरपीनं चार तारा लावल्या, चार दोरे सरकवले, आणि छेडलं.

आणि पाचवी आली!

अंगठ्याएवढी होती. हळदी रंगाचं परकर-पोलकं घातलेली. घोडीच्या काठावर बसली, पाय हलवत गायली, आणि गाणं संपल्यावर फणकाऱ्यानं म्हणाली, "शंभर वर्षं झाली. माझं मोठं घर राजवाड्यात आहे आणि दारावर लाख ओतलीय. ऊन लागतं, पाऊस लागतो, मी भोपळ्याभोपळ्यातून भाड्यानं राहते. लाज नाही वाटत तुम्हां लोकांना?"

"वाटते," धुरपी म्हणाली. "चल."

मग पाचवी धुरपीनं घरून आणलेल्या मडक्यात बसली, आणि दोघी निघाल्या. चाचांनी नव्या तारांचं वेटोळं बांधून दिलं.

धुरपी नगरात पोहोचली, तो दिवस नेमका वसंत पंचमीचा. दरबार भरलेला. सात वर्षांची मुलं रांगेत उभी, तोंडं एवढीएवढीशी झालेली. मागं सगळं नगर. धुरपीची आईही होती. बुवांच्या हातात काळ्या दोऱ्यांची जुडी होती. जुडी! मुलं गायच्या आधीच दोरे कापून तयार!

धुरपी पुढं झाली आणि म्हणाली, "महाराज, आधी तंबोऱ्याची कानपारख करा. मुलांची मग."

बुवा म्हणाले, "हीच ती, चिखलवाली. महाराज, हिच्या कानाला चूक वाटतं, माझ्या कानाला बरोबर. आता कुणाचा कान खरा?"

आता राजा पडला पेचात. पण धुरपी म्हणाली, "कान नको, महाराज. डोळ्यांनी पाहा. मधल्या दोन तारा जुळ्या. दोघींचा सूर एक असायला हवा. एकीवर मी कागदाचा कपटा ठेवते, दुसरी तुम्ही छेडा. एकमत असेल, तर हात न लावता कपटा नाचेल."

तिनं कपटा ठेवला. राजानं शेजारची तार छेडली. कपटा मेल्यासारखा पडून. पुन्हा छेडली. पडून. तिसऱ्यांदा छेडली. पडून.

"कागद जड आहे," बुवा म्हणाले.

धुरपीनं त्याचा पाव भाग ठेवला.

"आज हवा दमट आहे."

"हो ना," धुरपी म्हणाली. "शंभर वर्षं दमट आहे. म्हणून तर तंबोरा लावायचा असतो."

राजा म्हणाला, "पोरी, लाख फोडण्याची परवानगी देतो. पण पाचवी आली नाही, तर तू आणि तुझी आई नगराबाहेर. चाक, भट्टी सगळं इथंच राहील."

धुरपीनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली. हो म्हणून.

मग धुरपीनं निखारा मागितला, लाख ऊन केली, खरवडून काढली, आणि पहिली खुंटी पिळली. कर्रर्र. शंभर वर्षांनी ती हलली. आणि टण्णकन तार तुटली.

काय गहजब झाला! "राजतंबोरा मोडला! आदिबुवांची तार तोडली!" बुवांनी तर कपाळ बडवून घेतलं.

अरे, तार तुटली तर नवी घालतात! त्यात काय आहे? धुरपीनं काही न बोलता वेटोळं सोडलं आणि नवी तार घातली. मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. घोडीवरचं शंभर वर्षांचं हळदकुंकू पुसलं, ते ओंजळभर निघालं. मग जुळ्या जुळवायला घेतल्या. वँव, वँव. वँऽव. वँऽऽऽव. लाट निजली. तिनं कपटा ठेवला आणि शेजारची तार छेडली.

कपटा टुणकन उडाला आणि थेट बुवांच्या मिशीत जाऊन बसला.

रांगेतली मुलं हसली. पण पाचवी येईना. ती मडक्याच्या काठावर बसून म्हणाली, "दोरे कुठायत? दोऱ्यांशिवाय मी येत नाही."

धुरपीनं झोळी उलटी केली. तारा आणल्या होत्या, सुताचा दोरा आणायचाच राहिला! बुवांनी आपली दोऱ्यांची जुडी पाठीमागं लपवली आणि ते हसायला लागले. शिपाई पुढं सरकले. धुरपीनं भोवती पाहिलं, आणि तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. दोन गाठींचा दोरा. ती ओढायला लागली, पण दुहेरी गाठ सुटेना.

तेवढ्यात गर्दीतून आई आली. आयुष्यभर जी गप्प राहिली, ती आई. चाकावरचं मडकं दोऱ्यानं कापणारे हात तिचे. तिनं आपल्या गळ्यातला दोरा बोटाला गुंडाळला आणि एका हिसक्यात तोडला. मग लेकीचाही तोडला. दोन झाले. दरबारात पाणी भरणारा एक म्हातारा होता, त्यानं हंडा खाली ठेवला आणि आपला तोडला. तीन झाले. चौथा? सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. इतके गळे, इतके दोरे, पण हात पुढं येईना. भीती वाईट, बाळांनो.

मग राजा उठला. त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा वर केला. त्याच्या खाली काळा दोरा होता.

"मीही सातव्या वर्षी नापास झालो," राजा म्हणाला. "राजपुत्र म्हणून कुणी बोललं नाही. आरतीला मी नुसते ओठ हलवतो." आणि त्यानं दोरा तोडून धुरपीच्या हातावर ठेवला.

मग धुरपीनं चार तारांखाली चार काळे दोरे सरकवले. ज्यांनी गळे मुके केले होते, तेच दोरे. हळूच पुढं, हळूच मागं, हां, इथं. आणि छेडलं. पंचम. सा. सा. थोरली.

पाचवी उडी मारून घरात गेली आणि गायली.

ती आधी कुणाला ऐकू आली, माहीत आहे? ज्यांच्या गळ्यात दोरे होते, त्यांना. मागच्या रांगेतल्या माना एकेक करून वर आल्या. बुवांना मात्र काहीच ऐकू येईना. ते सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. जन्मभर वाकडं ऐकलेलं. मला त्यांची कीव यायला हवी, पण येत नाही अजून.

राजा धुरपीला म्हणाला, "आजपासून तू राजगवई."

"मला नको," धुरपी म्हणाली. "बुवांनी जितक्या गाठी बांधल्या, तितक्या स्वतःच्या हातानं सोडायच्या. घरोघरी जाऊन. कातरी वापरायची नाही. आणि म्हाताऱ्या माणसांच्या आधी, कारण त्यांच्याकडं वेळ थोडा आहे. मग बुवांनी आमच्याकडं यावं. मडक्यांपासून सुरुवात करू. त्यांचाही कान येईल. रक्तात नसतो तो, शिकून येतो."

तीन महिने बुवा गाठी सोडत फिरले. नखं झिजली, पण सगळ्या सोडवल्या. फक्त ज्या बायका गाठीसकट मरून गेल्या होत्या, त्यांच्या अंगाया कुणाला परत आणता आल्या नाहीत. ते तसंच राहिलं. ते मी गोड करून सांगणार नाही.

दरबारातून त्या दिवशी घरी गेल्यावर धुरपी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. दहा वर्षांची घोडी, पण पडली. आणि म्हणाली, "आई, म्हण."

"मला कुठलं येतंय? तीस वर्षं तोंडातून सूर काढला नाही."

"चुकलीस तर सांगेन मी."

मग आईनं अंगाई धरली. पहिला सूर घोगरा आला. दुसरा घसरला. तिसरा मात्र लागला, अगदी टण्ण. धुरपी चूक सांगणार होती, पण ती झोपून गेली होती.

पुढं त्या नगरात राजतंबोरा रोज लावायला लागले. सकाळी जे मूल आधी पोहोचेल, ते लावायचं. कधी बरा लागायचा, कधी नाही. नाही लागला तर दुसरं मूल लावायचं. बुवांना चिरलेलं मडकं ओळखायला दोन वर्षं लागली, पण ओळखलं. आणि सगळी माणसं गात, चुकत, पुन्हा गात सुखानं राहिली.

तशीच तुम्ही राहा. आणि उद्या कुणी म्हणालं, तुला हे जमणार नाही, ते रक्तात असावं लागतं, तर माझ्याकडं या. मडकं आहे आपल्याकडं.

आता डोळे मिटा. कान उघडे राहू द्या, ते मिटत नाहीतच. चौघींचं जमलंय, पाचवी घरी पोहोचलीय. लाट निजली, तुम्हीही निजा.